श्वासाची भरती-ओहोटी

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. दोन्ही गावांना लांबरुंद पुळण आहे. मधे खाडी आहे. रस्ता कधी सुरूच्या झाडांतून जातो, तर कधी डोंगराच्या अंगाने वर चढतो. वर पोचले की खाली निळा समुद्र दिसतो. लांबून आलेले लोक तेथे गाड्या थांबवतात. घटकाभर देखावा पाहतात आणि पुढे जातात.

गावातली काही माणसेही चढावर थांबतात. ती देखाव्यासाठी नव्हे. त्यांना धाप लागते. घरची पाखाडी चढतानासुद्धा ती चार पायऱ्यांवर टेकतात. कोणी विचारले तर म्हणतात, “काही नाही हो, वय झाले.”

वय झाले हे खरे. पण प्रत्येक धाप वयाची नसते. कित्येकदा ती फुप्फुसांच्या जुन्या रोगाची असते. अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही हा पाठ लिहीत आहोत. हल्ली औषधाच्या दुकानात श्वासाच्या व्यायामाची निरनिराळी यंत्रे मिळतात. त्यांतले कोणते कशासाठी, ते कसे वापरावे, आणि यंत्र नसले तर काय करावे, ते आपण पाहू.

धुराचे देणे

फुप्फुसांचा एक जुनाट रोग आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. या रोगात श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात, त्यांत कफ साठतो. फुप्फुसांतले बारीक वायुकोशही झिजतात. हा रोग हळूहळू वाढतो. बहुधा चाळिशीनंतर तो जाणवू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली या रोगाने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली.

आपल्याकडे लोक प्रत्येक धापेला ‘दमा’ म्हणतात. पण दमा आणि सीओपीडी हे एक नव्हेत. दमा लहानपणीही सुरू होतो. तो येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस चांगला असतो. सीओपीडीची धाप तशी पुरी जात नाही. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसांत व्रण राहिले, तरीही धाप लागते. हृदयाच्या रोगाने लागते. अंगात रक्त कमी असले तरी लागते. म्हणून आपली धाप कशाची, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. नळीत जोराने फुंकर मारून घेण्याची एक तपासणी असते. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. तिच्याने बरेच कळते.

ही तपासणी फार जुनी आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी १८४६ साली आपले श्वास मोजण्याचे यंत्र जगापुढे मांडले. पाण्याच्या टाकीत एक भांडे पालथे घातलेले होते. माणसाने नळीतून फुंकले की भांडे वर उचलले जाई. किती उचलले त्यावरून श्वास किती, ते कळे. आजची यंत्रे विजेवर चालतात, पण मुळातली युक्ती तीच : माणसाने फुंकायचे, यंत्राने मोजायचे.

सीओपीडी होतो कशाने? बिडी-सिगारेट हे मोठे कारण आहे. पण ते एकच नव्हे. चुलीचा धूर हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे कारण आहे. ओली लाकडे, झावळ्या, सोडणे, शेणी जाळून ज्या बायांनी तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केला, त्यांनी कधी बिडीला हात लावला नसेल, तरी त्यांना हा रोग होतो. मशेरी भाजतानाचा धूर, उन्हाळ्यातल्या भाजावळीचा धूर, काजू भाजण्याचा धूर आणि चिरेखाणीतली धूळही छातीला चांगली नाही.

येथे एक प्रश्न आम्हांला पुष्कळांनी विचारला आहे. चुलीपुढची बाई जन्मभर फुंकणी फुंकते. फुंकणे हा जर छातीचा व्यायाम, तर तिची छाती बळकट का होत नाही?

उत्तर सोपे आहे. फुंकर मारली की पुढचा श्वास आत घ्यावाच लागतो. तो श्वास ती धुरातच घेते. फुंकर जितकी मोठी, तितका पुढचा श्वास मोठा. म्हणजे तितका धूर जास्त. फुंकर वाईट नाही. वाईट आहे तो धूर.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. पुष्कळ घरांत गॅस आला. पण कित्येक घरांत चहा गॅसवर होतो आणि आंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच तापते. सिलिंडरचे पैसे वाचतात, हे आम्ही जाणतो. निदान ज्याला धाप लागते त्याने त्या चुलीपुढे बसू नये. चूल बाहेर उघड्यावर न्यावी, लाकडे सुकी वापरावीत. कोणताही व्यायाम त्यापुढचा आहे. एका बाजूने धूर घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने यंत्र फुंकायचे, हे भोक पडलेल्या कळशीत पाणी भरण्यासारखे आहे.

खाडीचे तोंड

आता छातीत काय होते ते पाहू.

निरोगी माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो आणि तेवढीच बाहेर सोडतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की हवा आत येते. तो सैल पडून वर गेला की हवा बाहेर जाते.

आपल्या गावची खाडी डोळ्यांपुढे आणा. भरतीला समुद्राचे पाणी खाडीत चढते. ओहोटीला ते उतरते. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साठली तर काय होईल? भरतीच्या जोराने पाणी आत तर येईल. ओहोटीला मात्र ते सावकाश बाहेर पडेल. ते पुरते बाहेर पडण्याआधीच पुढची भरती येईल. खाडी तुडुंब भरलेलीच राहील. नव्या पाण्याला आत जागाच राहणार नाही.

सीओपीडीच्या रोग्याच्या छातीत असेच होते. त्याला वाटते, आपल्याला श्वास ‘मिळत’ नाही. म्हणून तो घाईघाईने आत ओढत राहतो. खरी अडचण उलटी असते. जुनी हवा बाहेर पडलेली नसते. श्वास सोडताना त्याच्या कमकुवत नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. छाती फुगलेली राहते. श्वासपटल खाली दबून राहते. त्यावर आणखी घाई केली की आणखी हवा अडकते.

म्हणून या रोग्याने पहिला धडा हा शिकायचा : आधी श्वास सोडा. ओहोटी पुरती झाली की भरती आपोआप येते.

बिनपैशाचे यंत्र

पहिले यंत्र प्रत्येकाच्या तोंडावरच आहे. ते म्हणजे आपले ओठ.

गरम पेज गार करताना आपण ओठ कसे करतो? तसेच ओठ करायचे. आता क्रम वाचा.

१. पाठ सरळ ठेवून बसा. खांदे सैल सोडा.
२. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या. मनात मोजा : एक, दोन.
३. पेजेवर फुंकर घालतो तसे ओठ करून श्वास सोडा. मोजा : एक, दोन, तीन, चार.
४. जोर करू नका. गाल फुगवू नका. समोर निरांजन असेल तर ज्योत हलावी, विझू नये, इतपतच फुंकर असावी.

याने काय होते? ओठांची वाट अरुंद केल्यामुळे आतल्या नळ्यांत थोडा दाब राहतो. त्या दाबाने नळ्या लवकर मिटत नाहीत. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. श्वासांची धावपळ कमी होते.

ही रीत स्वस्थ बसलेले असताना शिकून ठेवावी. धाप लागल्यावर शिकू म्हटले तर जमत नाही. पोहणे जसे बुडताना शिकता येत नाही, तसेच हे आहे.

मग ती कामात वापरावी. पाखाडी चढताना दोन पायऱ्यांना श्वास आत, चार पायऱ्यांना बाहेर. इतके जमत नसेल तर थांबून श्वास घ्यावा आणि सोडता सोडता एकच पायरी चढावी. कळशी उचलताना श्वास कोंडू नये. उचलण्याच्या वेळी तो सोडावा. धाप लागली तर ओट्यावर बसावे, थोडे पुढे वाकावे, कोपर मांड्यांवर टेकावेत आणि ओठांनी श्वास सोडत राहावे. आडवे पडण्यापेक्षा असे बसल्याने बरे वाटते.

पाण्याची बाटली

काही रोग्यांच्या छातीत कफ फार असतो. तो चिकट असतो. खोकून खोकून माणूस थकतो आणि कफ सुटत नाही. अशांसाठी रुग्णालयांत बाटली आणि नळी यांचा एक व्यायाम शिकवतात. तो लहान मुलांनाही देतात. मुलांना त्याची मोठी मौज वाटते.

स्वच्छ बाटली घ्यावी. तीत पारदर्शक नळी तळापर्यंत सोडावी. नळीच्या खालच्या टोकावर १० सेंटिमीटर पाणी उभे राहील इतके पाणी भरावे. हे डोळ्यांनी ठरवू नये. मुलाच्या दप्तरातली पट्टी घ्यावी आणि मोजावे. नळीचे भोक सुमारे १ सेंटिमीटर असावे. शहाळ्याबरोबर मिळते तसली बारीक नळी चालत नाही. तिच्यातून फुंकायला फार जोर लागतो. बाटलीचे तोंड नळीने गच्च बंद होऊ नये. हवेला बाहेर पडायला जागा हवी.

नाकाने श्वास घ्यावा. मग नळी ओठांत धरून संथपणे फुंकावे. बुडबुडे सारखे येत राहिले पाहिजेत. नळीतून श्वास आत कधीही ओढू नये. पाणी घशात जाईल. आठ-दहा वेळा फुंकले की थांबावे. मग तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडतो तशी ‘हा’ करून एक-दोनदा हवा सोडावी. कफ वर आला की खोकून टाकावा. डोके हलके वाटू लागले तर लगेच थांबावे.

येथे काम कोण करते? ते १० सेंटिमीटर पाणी करते. हवेला तेवढे पाणी सारून बाहेर पडावे लागते. म्हणून नळ्यांत दाब राहतो, त्या उघड्या राहतात, आणि हवा कफाच्या मागे जाऊन त्याला पुढे ढकलते. जे काम ओठ करतात तेच पाणी करते. मात्र जरा अधिक आणि मोजून.

हा व्यायाम प्रथम डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून, त्यांच्यासमोर करून पाहावा. किती वेळा करायचा ते तेच सांगतील. जेवल्यावर लगेच करू नये. पाणी रोज बदलावे. उकळून गार केलेले असले तर उत्तम. नळी साबणाच्या पाण्याने धुऊन पुरती सुकवावी. आपल्या किनाऱ्यावर हवा दमट असते. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी येते, तशी ती नळीतही येते. ती बुरशी छातीत गेली तर व्यायाम राहील बाजूला आणि दुखणे वाढेल.

दुकानातली यंत्रे

आता विकत मिळणाऱ्या यंत्रांकडे वळू. त्यांत चार जाती मुख्य आहेत.

पहिले, तीन गोळ्यांचे यंत्र. यात तीन उभ्या नळ्या असतात. प्रत्येकीत एक हलकी रंगीत गोळी असते. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. मग गोळ्या वर चढतात. पुष्कळ लोक त्यात फुंकतात आणि गोळी हलत नाही म्हणून कष्टी होतात. हे यंत्र फुंकण्याचे नाही.

त्यावर बहुधा ६००, ९०० आणि १२०० हे आकडे असतात. ते फुप्फुसांचे माप नव्हे. एका सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली जाते, तो वेग ते सांगतात. म्हणून तीनही गोळ्या झटक्याने वर आपटणे यात काही पुरुषार्थ नाही. एकच गोळी संथपणे वर नेऊन दोन-तीन सेकंद तिथे धरणे, हे त्याहून चांगले.

हे यंत्र मुळात कोणासाठी? १९७० च्या दशकात अमेरिकेतले शल्यविशारद रॉबर्ट बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकारचा व्यायाम पुढे आणला. शस्त्रक्रिया झालेला रोगी दुखते म्हणून लांब श्वास घेत नाही. त्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटून बसतो. त्याने लांब श्वास घ्यावा म्हणून ही गोळीची युक्ती. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या साथीत ही यंत्रे घरोघर आली. आजही कित्येक घरांत ती फडताळावर पडलेली आहेत. पण सीओपीडीच्या रोग्याची अडचण हवा सोडण्याची आहे. त्याला या यंत्राचा उपयोग बेताचाच होतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तर वापरावे. शेजाऱ्याकडे आहे म्हणून वापरू नये.

दुसरे, थरथरणारे यंत्र. याचा एक प्रकार दिसायला अगदी चिलमीसारखा असतो. त्याला फ्लटर म्हणतात. त्यात पोलादी गोळी असते. फुंकले की गोळी उडते आणि खाली बसते, पुन्हा उडते. त्या थरथरीने छातीतला कफ सुटतो. जिच्यातून धूर ओढून छाती बिघडते, त्या चिलमीच्याच आकाराने कफ काढावा, हा मोठा नवलाचा भाग आहे. ज्यांच्या छातीत रोजच पुष्कळ कफ साठतो, त्यांना डॉक्टर असे यंत्र सांगतात.

तिसरे, ओझ्याचे यंत्र. यात स्प्रिंग असते. तिच्या विरुद्ध जोर करून श्वास आत ओढावा लागतो. श्वासाच्या स्नायूंना त्यामुळे तालीम घडते. पण तालमीत नवख्याच्या हाती कोणी जड मुद्गल देत नाही. हे यंत्र तज्ज्ञाने ओझे ठरवून दिल्याखेरीज वापरू नये.

चौथे, पीक फ्लो मीटर. हे व्यायामाचे यंत्र नव्हे. ते मोजण्याचे आहे. एका दमात जोराने फुंकले की काटा पुढे सरकतो. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. दम्याच्या रोग्याला त्याचा फार उपयोग होतो. आकडा रोजच्यापेक्षा बराच उतरला तर त्रास वाढतो आहे, हे आधी कळते.

यंत्र कोणतेही असो, ते एकाचे एकालाच. बाप-लेकांनीही एक नळी तोंडात घालू नये.

एका काकांची गोष्ट

आमच्या वाडीत एक काका आहेत. तरुणपणी ते होडीवर खलाशी होते. तीस वर्षे बिडी ओढली. पुढे धाप लागू लागली. डॉक्टरांनी पंप दिला. पंपाने त्यांना बरे वाटे.

एका गणपतीला मुलगा मुंबईहून आला. येताना त्याने तीन गोळ्यांचे यंत्र आणले. काका खूश झाले. पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोळ्या उडवून दाखवत. आम्हांला म्हणाले, “गुरुजी, आता पंप बंद. पंपाची सवय लागते. हे कसे, व्यायामाचे आहे.”

काकू म्हणाल्या, “अहो, डॉक्टरांना विचारा तरी.” काकांनी हात झटकला.

दिवाळीनंतर थंडी पडली. एका रात्री काकांना बोलता येईना. ओठ काळेनिळे झाले. शेजारच्या मुलाने १०८ ला फोन लावला. सहा दिवस ते रुग्णालयात होते. तिथे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज येई. तिने त्यांना प्रथम काय शिकवले? ओठांनी श्वास सोडायला. काका म्हणाले, “बाय, हे तर पेज फुंकण्यासारखे.” ती म्हणाली, “होय आजोबा. पण ही पेज जन्मभर फुंकायची आहे.”

काकांची फुप्फुसे पहिल्यासारखी झाली नाहीत. ती होणारही नाहीत. झिजलेले वायुकोश परत येत नाहीत. पण बिडी सुटली आहे. पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे. घरची पाखाडी चढताना पूर्वी पाच वेळा बसत. आता दोनदा बसतात. यंत्र फडताळावर आहे. नातवंडे मागतात, पण काकू देत नाहीत.

या गोष्टीतले तात्पर्य यंत्राविरुद्ध नाही. यंत्राने त्यांचे वाईट केले नाही. औषध सोडल्याने वाईट झाले. पंपाचे औषध थेट श्वासनळ्यांत जाते. म्हणून ते थोडे पुरते. दारू-तंबाखूसारखे व्यसन त्याने लागत नाही. रोज घ्यावे लागते ते रोग रोज असतो म्हणून. व्यायाम हा औषधाचा सोबती आहे. तो औषधाची जागा घेत नाही.

प्राणायाम, गाणे आणि चालणे

“मग प्राणायाम करावा काय?” असे कोणी विचारील.

प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच फार आधी सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजून तपासाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी त्यांनी ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. मोजल्यावाचून मानू नये, ही त्यांची शिकवण आपणही घ्यावी. फुप्फुसांच्या रोग्याने संथ श्वास घ्यावा आणि त्याहून संथ सोडावा, हे चांगले. पण श्वास कोंडून धरणे आणि भस्त्रिकेसारखे जोराचे प्रकार विचारल्यावाचून करू नयेत. अडकलेल्या हवेत आणखी हवा कोंडण्यात शहाणपण नाही.

गाण्याचेही तसेच. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात फुप्फुसांच्या रोग्यांसाठी गाण्याचे वर्ग घेतले गेले आहेत. गाताना ओळ पुरी होईपर्यंत श्वास हळूहळू सोडावा लागतो. आपल्याकडे तर गावोगाव भजन आहे. धाप लागते म्हणून भजनाला जाणे सोडू नये. वरचा सूर लावू नये, झांज दुसऱ्याला द्यावी, पण ओळ धरावी. फक्त धूप-उदबत्तीच्या धुरापासून लांब बसावे.

आणि सर्वांत मोठा व्यायाम म्हणजे चालणे. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून पाय दुबळे होतात. दुबळे पाय थोड्या चालण्यानेही थकतात आणि धाप आणखी लवकर लागते. हे चक्र तोडायचे तर डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालावे. आपल्याला पुळण आहे. ओहोटीच्या वेळी ओली वाळू टणक असते. तिच्यावर चालणे सोपे. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दम जातो. पाण्यात उतरू नये. पहिल्या दिवशी एक सुरूचे झाड ते दुसरे झाड, इतकेच चालावे. पुढे एकेक झाड वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करावा.

एक वही करा

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. त्याचा येथे मोठा उपयोग आहे. एक लहान वही करा. तिच्यात रोज चार गोष्टी लिहा : पंप घेतला काय, व्यायाम किती वेळा केला, किती चाललो, कफाचा रंग कसा होता. पीक फ्लो मीटर असेल तर त्याचा आकडाही लिहा. डॉक्टरांकडे जाताना वही न्या. “बरे नाही” या दोन शब्दांपेक्षा वहीचे एक पान डॉक्टरांना अधिक सांगते.

पंपावर आणि औषधावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती स्वतः वाचा. काही पंपांवर उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. तोही पाहा. पूर्वी यासाठी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. आता लागणार नाही.

ध्यानात ठेवा

खालीलपैकी काही झाले तर व्यायाम करत बसू नका. ताबडतोब रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा.

• एक वाक्यही सलग बोलता येत नाही.
• ओठ किंवा नखे निळसर झाली आहेत.
• छातीत एकाएकी दुखू लागले आहे.
• खोकल्यातून रक्त पडले आहे.
• माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो आहे.

कफ हिरवा-पिवळा झाला, वाढला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुकतीच पोटाची, डोळ्याची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठली असेल, किंवा हृदयविकार असेल, तर विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र फुंकू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

शब्दांचे अर्थ

वायुकोश – फुप्फुसातली हवेची बारीक पिशवी. येथे हवेतला प्राणवायू रक्तात जातो.
श्वासपटल – छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा.
जुनाट – पुष्कळ दिवस राहणारा.
फिजिओथेरपिस्ट – व्यायामाने उपचार करणारे तज्ज्ञ.
मात्रा – एका वेळी घ्यायचे औषध.

प्रश्न

१. खाडीच्या तोंडाशी वाळू साठली तर ओहोटीला काय होते? छातीत तसे केव्हा होते?
२. फुंकणी फुंकणाऱ्या बाईला धाप का लागते?
३. तीन गोळ्यांच्या यंत्रात फुंकायचे की ओढायचे? त्यावरचे आकडे काय सांगतात?
४. काकांचे दुखणे कशामुळे वाढले?
५. तुमच्या घरात धूर कोठून येतो? तो कमी करण्यासाठी उद्यापासून काय कराल? चार ओळी लिहा आणि घरच्या माणसांना वाचून दाखवा.